पंचगंगा घाटावरील वाडे : सामायिक निवास आणि देखभालीचा प्रश्न

काशीच्या पंचतीर्थांत गणना होणारा पंचगंगा घाट हा गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. यांपैकी डोळ्यांना दिसते ती केवळ गंगा. मराठी यात्रेकरूस हा घाट बिंदुमाधवामुळे, कार्तिकातील आकाशदीपांमुळे आणि अहिल्याबाई होळकरांनी उभारलेल्या दगडी दीपस्तंभामुळे परिचित असतो. परंतु घाटाच्या माथ्यावर आणि शेजारच्या ब्रह्मा घाट व दुर्गा घाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबांची घरे हाही तितकाच महत्त्वाचा वारसा आहे, आणि त्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

अठराव्या शतकात पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, औंधचे पंतप्रतिनिधी आदींनी काशीत घाट, वाडे व अन्नछत्रे बांधली. त्यांमागे धर्मबुद्धी होतीच. पण यात्रेकरू, वैदिक, विद्यार्थी आणि काशीवासासाठी आलेले वृद्ध यांच्या निवासाची व्यावहारिक गरजही होती. पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे विशाल मंदिर फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने १६६५ च्या सुमारास पाहिले होते. औरंगजेबाच्या कारकिर्दीत ते पाडले जाऊन तेथे मशीद उभी राहिली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुढे बांधलेले आजचे मंदिर राहत्या घराच्याच धाटणीचे आहे. गल्लीतून जाणाऱ्यास ते वाड्यांपैकीच एक वाटावे!

या वाड्यांची रचना नदीनेच ठरवून दिली आहे. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीनुसार वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून, १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. म्हणून नदीकडील बाजूस चुनारच्या वालुकाश्माचे उंच, जवळजवळ खिडक्याविरहित जोते आणि त्यावर लखौरी या पातळ विटांच्या, चुना व सुरखीत बांधलेल्या भिंती अशी मांडणी आढळते. सज्जे आणि मोठ्या खिडक्या वरच्या मजल्यांवर. प्रवेश मात्र मागील अरुंद गल्लीतून. आत उघडा चौक, भोवती ओसरी व खोल्या. उजेड आणि वारा यांची सोय या चौकामुळेच होते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांलगत तीन बाजूंनी बंदिस्त व नदीकडे उघड्या अशा लहान कोठड्या आहेत. साधनेसाठी वापरल्या जाणाऱ्या या कोठड्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर त्यांतील गाळ उपसावा लागतो.

अशा वाड्यांत एकेक खोली वा मजला निरनिराळ्या कुटुंबांकडे आला, तेव्हा खासगी काय आणि सामायिक काय, ही सीमारेषा पुसट झाली. चौक, जिना, गच्ची, विहीर, मोरी आणि सांडपाण्याचा मार्ग यांचा वापर सर्वांचा. जबाबदारी कोणाचीच नाही. एका बिऱ्हाडाने नवा नळ घेतला की दुसऱ्याच्या भिंतीत ओल उतरते. उत्तर प्रदेशात १९७२ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या भाड्यावर नियंत्रण आले. भाडेकरूंना त्यातून संरक्षण मिळाले हे खरे. परंतु तुटपुंज्या भाड्यातून दगडी जोत्याची डागडुजी करण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. २०२१ मध्ये नवा भाडे कायदा आला, तरी तोवर झालेली पडझड कायद्याने भरून निघणारी नव्हती.

येथे मुंबईचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याचा आधार घेऊन श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची आणि रहिवासी हे संस्थेचे सभासद तसेच भाडेकरूही, असे तिचे सूत्र होते. मालक व भाडेकरू यांच्या हितसंबंधांतील जुना संघर्ष या दुहेरी नात्यामुळे बराचसा मावळतो. गच्ची गळू लागली की खर्च सभासदांचा आणि लाभही त्यांचाच.

हे सूत्र काशीत जसेच्या तसे लागू करणे अवघड आहे. गावदेवीत संस्था आधी स्थापन झाली व इमारती नंतर उभ्या राहिल्या. पंचगंगेवर इमारती दोन शतके जुन्या, आणि मालकी कोठे न्यासाची, कोठे मठाची, तर कोठे अनेक वारसांत विभागलेली. तरीही मालकीचा वाद बाजूस ठेवून केवळ सामायिक भागांच्या देखभालीपुरती रहिवाशांची नोंदणीकृत संस्था काढणे अशक्य नाही. वाराणसीचा ऐतिहासिक नदीकाठ २०२१ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाला आहे. नदीकाठाच्या सुशोभनात दर्शनी पायऱ्यांना प्राधान्य मिळते. मागील चौकातल्या तुळया मात्र कुजत राहतात.

दुरुस्तीचे तंत्रही तितकेच निर्णायक आहे. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, क्षार विटांत साठतात आणि काही वर्षांत गिलाव्यासह विटेचा पृष्ठभागही सुटू लागतो. सिमेंट स्वस्त व तत्काळ मिळते; मळलेला चुना आणि तो हाताळणारा गवंडी मात्र शोधावा लागतो. रहिवाशांच्या संस्थेने प्रथम सांडपाण्याचा मार्ग दुरुस्त करावा, नंतर गच्ची व जिना, आणि गिलाव्यास हात सर्वांत शेवटी घालावा. पाणी मुरण्याचे थांबल्याखेरीज भिंतीवर केलेला खर्च टिकत नाही.