भाताच्या देशातील रोटी

फोर्ट विल्यम हे नाव मराठी वाचकाला बहुधा एका महाविद्यालयामुळे परिचित असते. १८०० साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयात विल्यम कॅरी मराठी शिकवीत असत, आणि १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. ज्या किल्ल्यावरून महाविद्यालयाला नाव मिळाले तो किल्ला मात्र कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, विस्तीर्ण मैदानालगत हुगळीच्या काठी उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ साली त्याच्या बांधकामास आरंभ झाला व १७८१ च्या सुमारास ते पुरे झाले. आज तेथे भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. २०२५ मध्ये त्याला कोकणातील प्रसिद्ध जलदुर्गावरून ‘विजयदुर्ग’ असे नाव देण्यात आल्याचे जाहीर झाले. मराठ्यांच्या भयाने १७४२ मध्ये भोवती खंदक खणणाऱ्या नगराच्या किल्ल्याला हे नाव मिळावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

येथे विचार करावयाचा आहे तो मात्र तटबंदीचा नव्हे, चुलीचा. किल्ल्यासाठी गोविंदपूर हे गाव उठवावे लागले. त्या गावाचे नाव तेथील शेठ व बसाक या व्यापारी घराण्यांच्या गोविंदजी या दैवतावरून पडले असे परंपरा सांगते. बंगालमध्ये नैवेद्यासाठी वापरला जाणारा आखूड, सुवासिक ‘गोविंदभोग’ तांदूळ याच दैवताशी जोडला जातो. म्हणजे ज्या भूमीवर भाताचा नैवेद्य दाखविला जात असे, त्याच भूमीवर पुढे सैन्याच्या रोट्या भाजल्या गेल्या. आजूबाजूचे सारे नगर भात खाणारे होते. किल्ल्याच्या आत मात्र गव्हाचे राज्य होते, आणि तेही एकाच प्रकारचे नव्हते.

गोऱ्या शिपायाला रोजच्या शिध्यात सुमारे एक पौंड पाव आणि मांस मिळे. बंगालच्या सेनेतील देशी शिपाई पुष्कळसे अवध आणि बिहारकडचे असत. ते पलटणीच्या बाजारातून कणीक, डाळ व तूप विकत घेत आणि आपापल्या जातीचे नियम सांभाळून वेगवेगळ्या चुलींवर रोट्या भाजत. आपल्या पिठाला दुसऱ्याचा हात लागू नये याविषयी ते किती दक्ष असत, हे १८५७ मध्ये दिसून आले. काडतुसांच्या चरबीविषयीची वदंता सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच सुमारास बाजारातील पिठात हाडांची पूड मिसळली जाते अशीही वार्ता उत्तर हिंदुस्थानात पसरली होती, आणि तिने कमी खळबळ उडविली नाही. पीठ हा केवळ पोटाचा प्रश्न नसून विश्वासाचाही प्रश्न आहे, ही गोष्ट सरकारांच्या ध्यानात नेहमीच उशिरा येते.

पावाचा इतिहास याहून वेगळा. मराठीतील ‘पाव’ आणि बंगालीतील ‘पाउरुटी’ या दोहोंच्या मुळाशी एकच पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीजांना गोव्यात किण्व सहज मिळेना, तेव्हा त्यांनी माडाच्या ताडीने पीठ फुगविण्याची युक्ती काढली. हे पीठ पायांनी तुडवितात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात, अशी एक खोटी व्युत्पत्ती पुढे रूढ झाली. ताडीचा संबंध आणि परधर्मीयाचा हात या दोन कारणांनी सनातनी घरांत पाव निषिद्ध ठरला. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा वसईकडे सांगतात. बंगालमध्येही पाव व बिस्किटे ही जात जाण्याची खूण होती. राजनारायण बसू यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, १८४० च्या दशकात त्यांनी ब्राह्म समाजात प्रवेश केला त्या दिवशी जातिभेद मानीत नसल्याचे दाखविण्यासाठी बिस्किटे आणि शेरी मागविण्यात आली. त्याच काळात डेव्हिड विल्सन नावाच्या गृहस्थाने कलकत्त्यात पाव व मिठाई विकण्याचा धंदा चालविला होता. १८४० च्या सुमारास त्याने जे हॉटेल काढले तेच पुढे ग्रेट ईस्टर्न या नावाने प्रसिद्धीस आले. पन्नासएक वर्षांत निषेधाची धार बोथट झाली, आणि चहाबरोबर लोणी, साखर वा मिरपूड लावून भाजलेला पावाचा तुकडा हा कलकत्त्याचा नित्याचा नाश्ता होऊन बसला.

परंतु पाव भट्टीतून येतो, घरच्या चुलीतून नव्हे. बंगाली घरात गव्हाचे जे रूप मानाचे होते ते म्हणजे लुची. ती आपल्या पुरीची बहीण म्हणता येईल, पण पुरीहून गोरी आणि नाजूक. पाव किलो मैद्याला दोन मोठे चमचे तुपाचे मोहन आणि चिमूटभर मीठ चोळून, थोडे थोडे पाणी घालीत तो मळतात व अर्धा तास झाकून ठेवतात. लाटताना पिठी न वापरता तेलाचे बोट लावतात, कारण पिठी कढईत जळून तूप काळे करते. लुचीवर डाग पडू न देणे यात बंगाली सुगरणीचे कौशल्य समजले जाते. सणावारी किंवा पाहुणा आल्यास लुची होई. रोजच्या जेवणात मात्र दोन्ही वेळा भातच असे. साधी रोटी, बंगालीत ‘रुटी’, ही पश्चिमेकडील लोकांचे अथवा आजाऱ्याचे अन्न मानली जाई.

हे चित्र पालटण्यास एक भयंकर संकट कारणीभूत झाले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरील होड्या सरकारने काढून घेतल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धखर्चामुळे भाव भडकले, साठेबाजांनी धान्य दडविले, आणि १९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. खेड्यांतून कलकत्त्यात आलेली माणसे दारोदार भात मागत नव्हती. भाताची निथळून टाकलेली पेज, म्हणजे ‘फेन’, मागत होती. भात मागण्याचेही धैर्य त्यांना उरले नव्हते. जैनुल आबेदीन यांनी त्या दिवसांत काढलेली काळ्या शाईची रेखाटने पाहिली म्हणजे त्या हाकेचा अर्थ कळतो.

नगरात लंगरखाने उघडण्यात आले. त्यांतील पातळ खिचडीसाठी पुरेसा तांदूळ नव्हता, म्हणून बाहेरून आलेली ज्वारी आणि बाजरी तीत शिजविण्यात आली. उपासाने क्षीण झालेल्या आणि या धान्यांची सवय नसलेल्या माणसांना ती पचेना. दख्खनच्या वाचकाला याचे आश्चर्य वाटेल. ज्या बाजरीवर आणि ज्वारीवर महाराष्ट्रातील कष्टकरी पिढ्यान्‌पिढ्या पोसला, तीच बंगालमध्ये निरुपयोगी ठरावी? परंतु धान्य म्हणजे अन्न नव्हे. ज्वारीचे पीठ ताजे दळलेले लागते, कारण जुन्या पिठाची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. त्यात कढत पाणी घालावे लागते, तळहाताने रगडावे लागते, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवावी लागते. हे सारे आईच्या शेजारी बसून शिकण्याचे काम आहे. ते ज्ञान ज्याच्या घरात नाही त्याच्या पदरात पोतेभर ज्वारी टाकली तरी त्याची भाकरी होत नाही.

१९४४ च्या आरंभी कलकत्त्यात शिधावाटप सुरू झाले, आणि शिध्यात तांदळाबरोबर गहू येऊ लागला. स्वातंत्र्यानंतरही टंचाई संपली नाही. १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० खाली करार होऊन जहाजे भरून गहू येऊ लागला. १९६५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने दूध वाचविण्यासाठी छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली, तेव्हा तर संदेशावाचून कलकत्ता अशी कल्पनातीत अवस्था झाली. १९६६ च्या प्रारंभी अन्नासाठी झालेल्या आंदोलनाने राज्य हादरले. या वीस-बावीस वर्षांत बंगाली कुटुंबाने एक तडजोड केली, जी आजही मोडलेली नाही: दुपारी भात आणि रात्री रुटी. कोणत्याही प्रचारपत्रकाने ती घडविलेली नाही. शिधापत्रिकेवर जे मिळाले त्यातून पाच-सहा माणसांची पाने वाढण्याची जबाबदारी जिच्यावर होती, तिने ती घडविली.

तिच्यापुढील अडचण लहान नव्हती. भाताचे एक पातेले चढविले की सर्वांचे काम होते. रुटी मात्र एकेक लाटावी आणि एकेक भाजावी लागते. शिवाय गव्हाच्या पिठाचा स्वभाव तांदळाच्या पिठाहून अगदी भिन्न आहे. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाण्याशी संयोग होऊन ती मळण्याच्या क्रियेने एकमेकांत गुंततात आणि ‘ग्लुटेन’ नावाचे लवचीक जाळे तयार होते. याच जाळ्यामुळे पोळी पातळ लाटता येते, तव्यावर आतल्या वाफेने ती फुगते आणि पाव किण्वाचा वायू धरून ठेवतो. मळल्यावर लगेच लाटू लागल्यास जाळे ताणलेले असते व पोळी आखडते. अर्धा तास झाकून ठेवल्यास ते सैल पडते. तांदळात अथवा ज्वारीत ही प्रथिने नसतात. तेथे पिठाला बांधून ठेवते ती उकड.

बंगाली स्त्रियांना पिठे या तांदळाच्या पक्वान्नांमुळे उकडीचा सराव होताच. अनेक घरांत तीच रीत गव्हाला लावली गेली. एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात मीठ व सुमारे सव्वा वाटी कणीक घालावी, मंद आचेवर ढवळून झाकून ठेवावे आणि सोसवेल इतके निवल्यावर खूप मळावे. या कणकेची रुटी पांढुरकी व मऊ होते आणि सकाळपर्यंत वातड होत नाही. कढत पाण्याने पिठातील स्टार्च फुलून अधिक पाणी धरून ठेवतो, हे त्याचे कारण. पंजाबी माणूस तिला रोटी म्हणण्यास कदाचित तयार होणार नाही. परंतु भात खाणाऱ्या दातांना ती रुचली, एवढे पुरे. पुढे ज्यांना तेवढाही वेळ मिळेना त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला संध्याकाळी रुट्या भाजून नगावर विकणारी दुकाने निघाली. ती चालविणारे पुष्कळदा बिहारकडून आलेले लोक असतात. रुटी आणि तिच्याबरोबर मिळणारी ‘तडका’ ही घट्ट डाळ घेऊन घरी परतणारा कारकून हे कलकत्त्याच्या रात्रीचे एक नेहमीचे दृश्य आहे.

रुटी घरची झाली तरी मनाला विसावा देणारे जेवण मात्र बंगालमध्ये भाताचेच राहिले. पाऊस लागला की खिचुडी होते. तिच्यासाठी मूगडाळ प्रथम कोरडीच खरपूस भाजतात. हा वास हेच तिचे वैशिष्ट्य. डाळ व गोविंदभोग तांदूळ समभाग घेऊन तमालपत्र, जिरे, आले आणि हळद यांसह भरपूर पाण्यात सैलसर शिजवितात, आणि शेवटी तूप सोडतात. सोबत तळलेले वांगे किंवा पापड असला की दुसरे काही लागत नाही. तांदळाच्या प्रथिनांत जे एक घटकद्रव्य अपुरे असते ते डाळीत विपुल असते, आणि डाळीत जे उणे ते तांदळात सापडते. म्हणून ही दोन धान्ये एका भांड्यात शिजविणे हे शास्त्रालाही मान्य आहे.

याहूनही साधा प्रकार म्हणजे फेना भात. एरवी बंगाली घरात भात भरपूर पाण्यात शिजवून त्याचा फेन निथळून टाकतात. त्याबरोबर पाण्यात विरघळणारे ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्व बरेचसे निघून जाते. उकडा तांदूळ वापरण्याची तेथील रूढी काही अंशी ही हानी भरून काढते, कारण साळ उकडताना ते जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात मुरते. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक वॉलेस एक्रॉइड हे आहाराच्या अशा प्रश्नांचे अभ्यासक. १९४४ मध्ये बंगालच्या दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे तेही एक सभासद होते. फेना भातात मात्र काहीच निथळत नाहीत. पातेल्यात तांदळाबरोबरच धुतलेले बटाटे, कधी भोपळ्याची फोड, कधी कापडात बांधलेली मसूरडाळ आणि एखादे अंडे टाकून सारे एकत्र शिजू देतात. महाराष्ट्रात आजारातून उठलेल्या माणसाला गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट देतात, त्याच्याशी या पदार्थाचे जवळचे नाते आहे. भात मऊ झाला की बटाटा काढून मीठ, कच्चे मोहरीचे तेल आणि हिरवी मिरची घालून कुस्करतात, आणि फेनासकट वाफाळलेला भात थाळीत ओतून त्यावर चमचाभर तूप घालतात. तो थंड झाला की घट्ट बसतो. म्हणून सर्वांना हाक मारून, सारे पानावर येऊन बसल्यावरच पातेले चुलीवरून उतरवितात.