आजोबांना भरता येईल असा फॉर्म

मागच्या सेमिस्टरला आजोबांचा फोन आला. "अरे, तो ओटीपी आला, आणि मी चष्मा शोधेपर्यंत गेलासुद्धा! तूच भर बाबा." मग काय, मी हॉस्टेलवर बसून फॉर्म भरला. आजोबांनी फोनवर ओटीपी वाचून दाखवला. काम झालं.

पण रात्री विचार आला. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं आपणच त्यांना बजावतो आणि फॉर्म मात्र असा बनवतो, की सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आज नातवाला सांगितला, उद्या एखाद्या भामट्याला सांगतील. म्हणजे प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

यावर उपाय असतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू केली. पण वयामुळे अनेकांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. बदलली ती पद्धत, माणूस नव्हे. आपल्यालाही नेमकं हेच करायचं आहे. कसं ते पाहू.

१) अक्षर : 'चाळिशी' लागते हे आपली भाषाच सांगते! तेव्हा अक्षर किमान १६ पिक्सेल ठेवा. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांप्रमाणे (डब्ल्यूसीएजी) अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. आपल्याला आवडणारा फिकट राखाडी (९९९९९९) पांढऱ्यावर जेमतेम २.८ भरतो.

२) लेबल : "नाव लिहा" ही सूचना चौकटीच्या आत नको. टाईप करायला लागलं की ती गायब होते आणि आपण काय भरतोय तेच विसरायला होतं. लेबल चौकटीच्या वर, कायम दिसेल असं ठेवा.

३) जन्मतारीख : कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडतं. ७५ वर्षांच्या माणसाने एकेक महिना मागे जायचं तर बाण ९०० वेळा दाबावा लागेल! त्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्या.

४) बटण : बोट थरथरतं, शेजारचं बटण दाबलं जातं. २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. ४४ ठेवलेत तर उत्तम. 'रद्द करा' आणि 'पुढे जा' अगदी चिकटून नकोत.

५) वेळ : वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि एका बटणावर ती वाढवू द्या. ओटीपीच्या चौकटीला ऑटोकम्प्लीटची 'वन-टाइम-कोड' ही किंमत दिली, की बऱ्याच फोनवर मेसेजमधला आकडा कीबोर्डवरच सुचवला जातो. पाठ करायला नको, चष्मा शोधायला नको, दुसऱ्याला सांगायला तर नकोच.

६) चूक : नुसती लाल चौकट करून भागत नाही. "मोबाईल नंबरात एक आकडा कमी आहे" असं सरळ मराठीत लिहा. आणि कृपा करून, एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म पुसू नका!

शेवटी टेस्टिंग. आपण आपला फॉर्म रूम पार्टनरला दाखवतो आणि तो म्हणतो, "मस्त आहे!" त्याचा काही उपयोग नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा फॉर्म आजी-आजोबांपुढे ठेवा, आणि स्वतः हाताची घडी घालून गप्प बसा. सांगायचं नाही, फोन हातातून घ्यायचा नाही. ते जिथे अडतील ती जागा वहीत लिहा. "मला मेलीला काही कळत नाही" असं आजी म्हणाली, की समजायचं, बग सापडला. तो आजीत नाही, आपल्या कोडमध्ये आहे.

मी या सुट्टीत प्रोजेक्टचा फॉर्म घरी नेणार आहे. आजोबांनी तो मला फोन न करता पूर्ण भरला, तरच मी त्याला 'फायनल' म्हणेन. तुम्हीही करून बघा!