आधी लेखी घ्या, मग छापा

बऱ्हाणपुरातून जगभरच्या कवितांचं मराठी त्रैमासिक काढायचं म्हटलं की पहिला अडसर परदेशात नाही, गल्लीतल्या छापखान्यात येतो. इथले डीटीपीवाले हिंदीत मुरलेले. ‘ळ’ त्यांना परका, आणि अर्धा ‘ऱ’ कुठल्या कळीवर आहे हे विचारायची सोय नाही. आमच्या एका अंकात अँडीजच्या ‘दऱ्या’ छापून आल्या त्या ‘दर्या’ होऊन; भर डोंगरात समुद्र! गावाचं नाव तरी कुठे सुटलं, तेही ‘बर्हाणपूर’. मजकूर युनिकोडमध्येच द्या. शेवटचं प्रूफ कागदावर काढून मराठी माणसाच्या हातात द्या, कारण फॉन्ट बदलला की जोडाक्षरं मोडतात आणि ते पडद्यावर पटकन दिसत नाही.

पण खरी ठेच लागते ती परवानगीत. अनुवाद आला म्हणजे परवानगीही आली, असं धरू नका. एका अनुवादकाने सुरेख कविता पाठवल्या, पानं लागली, आणि मूळ कवीचा होकार मागितल्यावर उत्तर आलं, “तो ओळखीचाच आहे हो!” ती पानं काढावी लागली. अनुवादाचा हक्क मूळ कवीचा असतो, आणि आपल्या कायद्याने त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा. होकार ईमेलवर आला तरी त्यापुढे रीतसर सहीचं पत्र घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ह्यूस्टनला अंक पाठवणाऱ्याला हे दुसरं कलम नडतं.

पैशाचं आणखी नाजूक. परदेशातली मंडळी प्रेमाने म्हणतात, “देणगी पाठवू का?” इथे थांबा. वर्गणी ही अंकाची किंमत. देणगीला मात्र एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायदा, लागू होतो. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या मालक-संपादकाला परकीय देणगी घ्यायला त्या कायद्यात मनाईच आहे. तिकडचं नागरिकत्व घेतलेला तुमचा वर्गमित्रही त्या हिशेबात परकाच. आपलं त्रैमासिक ‘वृत्तपत्रा’च्या व्याख्येत बसतं का, हे सीएला विचारल्याशिवाय खाते क्रमांक कुणाला देऊ नका.

नियतकालिकाच्या नोंदणीचं मात्र सोपं झालंय. १८६७ चा कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा आला, अर्ज ऑनलाइन.

टपालाने कंबर मोडते. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. नंतर ज्ञान पोस्ट आलं, पण ते पुस्तकांसाठी. ठरावीक काळाने निघणारे अंक त्यात बसत नाहीत. वर्गणी ठरवताना आधी टपालखर्च धरा, मग कागद.

आडगावातून हे जमतं का? धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून ‘कवितारती’ चालवून दाखवलं. शिकागोत हॅरिएट मन्रोबाईंनी १९१२ मध्ये ‘पोएट्री’ काढलं, त्याआधी शहरातल्या शंभरेक धनिकांकडून वर्षाला ५० डॉलर, असं पाच वर्षांचं वचन मिळवलं होतं. ते मासिक आजही निघतं. आपल्याकडे यंत्रमागवाले आहेत, केळीचे व्यापारी आहेत. पहिल्या अंकासाठी एकरकमी मोठी जाहिरात मागण्यापेक्षा दरवर्षी थोडं, पण पाच वर्षं, असं मागा. केळीचा भाव पडला असेल त्या वर्षी मात्र आधी मागवाल्यांची दारं वाजवा.