कृत्रिम रक्त आणि आपले रक्तदान

वस्तीत आरोग्य बैठक घेताना आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "ताई, आता कारखान्यात रक्त तयार होतंय म्हणे. मग रक्तदान कशाला करायचं?"

रक्ताची कामे अनेक आहेत. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. ही सगळी कामे करणारे रक्त अजून कुठेही तयार झालेले नाही. संशोधन चालू आहे ते मुख्यतः प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनवर.

नुसते हिमोग्लोबिन शिरेतून दिले तर? पेशीबाहेर ते तुटते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून जपानमधील नारा वैद्यकीय विद्यापीठात मुदत संपलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन सूक्ष्म वेष्टनात भरण्याचे काम चालू आहे. इंग्लंडमध्ये २०२२ साली रक्तदात्याच्या मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी प्रथमच दुसऱ्या माणसाला दिल्या गेल्या. किती? एक-दोन चमचे. म्हणजे या दोन्ही ठिकाणी सुरुवात माणसाच्या रक्तापासूनच होते.

हे संशोधन आपल्याही उपयोगाचे आहे. शेजारच्या विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल आढळतो, आणि हिंगोलीकरांच्या सोयरिकी वाशीम-यवतमाळकडे होतातच. सिकलसेलच्या काही रुग्णांना वारंवार रक्त लागते. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करून घ्या. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी शोधलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या रुग्णाला तर त्याच गटाचे रक्त चालते. असा दाता शोधता शोधता जीव टांगणीला लागतो.

आता आपल्या हातातले बोलू. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत रक्तदानासाठी रांगा लागतात. अभिमानाची गोष्ट आहे. पण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. जयंतीला दिलेली पिशवी मे संपायच्या आत बाद होते. जूनमध्ये बाळंतिणीला रक्त लागले तर कुठून आणायचे?

म्हणून प्रत्येक विहारात रक्तगटासह दात्यांची यादी करा आणि पाळ्या लावा : काहींनी जयंतीला, काहींनी जुलैत, काहींनी धम्मचक्र प्रवर्तन दिनी, काहींनी ६ डिसेंबरला. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. ज्या बहिणीचे हिमोग्लोबिन कमी भरेल तिने खट्टू होऊ नये. तिने आधी स्वतःवर उपचार घ्यावेत.

पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेऊ शकते, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलियाच्या रुग्णांना तेही माफ आहे. कोणी जास्त मागितले तर पावती मागा.

पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात नाही. दान पारमिता आचरणात आणण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही. जयभीम.