फारकतीचा कागद शोधताना

आमच्या शेंडीत पावसाळ्यात कागद टिकत नाही. भंडारदऱ्याच्या पाणलोटात, घाटघर-रतनवाडीच्या अंगाला तर जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांवरही बुरशी धरते. सातबारा भिजला, रेशनकार्ड फाटलं, शाळेचा दाखला उंदरांनी खाल्ला, तर नवा कुठून काढायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. घटस्फोटाच्या कागदाचं मात्र तसं नाही. तो हरवला, किंवा मुळात कधी हातातच आला नाही, तर चार इयत्ता शिकलेली माणसंही नुसती इकडून तिकडे फिरत राहतात. मी फिरले आहे. पुढे माझं पाहून आसपासच्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन माझ्या खानावळीत येऊ लागल्या. हे सगळं त्यातून जमलेलं आहे.

माझा घटस्फोट परस्पर संमतीचा. आमच्या तालुक्याला तेव्हा कनिष्ठ स्तराचं दिवाणी न्यायालय होतं आणि घटस्फोटाची याचिका वरिष्ठ स्तराकडे चालते, म्हणून अकोले ओलांडून संगमनेरला जावं लागलं. शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी दोन-चार प्रश्न विचारले, सह्या झाल्या, वकील म्हणाले, "झालं ताई, आता निवांत घरी जा." मी घरी आले. बऱ्याच वर्षांनी दुसरं लग्न झालं आणि नोंदणीला ग्रामपंचायतीत गेलो, तेव्हा ग्रामसेवकांनी अगदी रास्त प्रश्न विचारला: "आधीच्या लग्नाचा हुकूमनामा आणलाय का?" वकील तोवर वारले होते. त्यांच्या ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान होतं.

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या २३व्या कलमात एक छोटं उपकलम आहे, चौथं: घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची. प्रत निघतेही, पण बहुतेक वेळा ती वकिलाकडे जाते आणि त्यांच्या फायलीत पडून राहते. ज्यांचा दावा आत्ता चालू आहे त्यांनी ही प्रत स्वतःच्या हातात घ्यावी. त्याच दिवशी मिळेलच असं नाही. निकालानंतर हुकूमनामा तयार व्हायला पंधरा दिवसांची मुदत कायद्यातच आहे, तेव्हा एक खेप जास्त पडली तरी चालेल. आणि प्रकरणाचा क्रमांक कागदावर राहीलच असं धरून न चालता मोबाइलमध्ये, भावाच्या वहीत, देवघराच्या फळीवर, तीन ठिकाणी लिहून ठेवावा.

क्रमांक नसेल तर शोधायचं कसं? नक्कल शाखेच्या खिडकीवर मी माझं नाव सांगितलं, तर तिथले भाऊसाहेब म्हणाले, "बाई, नावाने नाही, नंबराने सापडतं." तरी नावाने सापडतं; वेळ लागतो. याचिका ज्या वर्षी दाखल झाली त्या वर्षाच्या रजिस्टरात तिची नोंद असते, निकाल लागला त्या वर्षाच्या नाही. मी निकालाचं वर्ष धरून बसले असते तर अजून तिथेच असते. दुसरं, नोंद याचिकाकर्त्याच्या नावाने असते. परस्पर संमतीत दोघंही अर्जदार असतात, पण आधी नाव कोणाचं लिहिलं त्यावर सगळं अवलंबून. शिवाय बाईचं नाव सासरचं लिहिलंय की माहेरचं, हे वकिलाच्या टायपिस्टने ठरवलेलं असतं. दोन्ही नावं, नवऱ्याचं पूर्ण नाव, आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं, सगळं एका चिठ्ठीवर लिहून न्यावं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि अॅपवरही पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. जिल्हा, न्यायालय संकुल, नाव, वर्ष, मग 'निकाली' हा पर्याय. जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं. जुन्या कागदांवर अहमदनगरच आहे, त्यामुळे बिचकू नये. सापडलं तर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो, तो सोन्यासारखा जपावा. मात्र घटस्फोटाचा निकाल तिथे सहसा उघडत नाही, आणि ते बरंच आहे. कायद्याच्या २२व्या कलमाने ही प्रकरणं बंद दाराआड चालवायची असतात. संगणक येण्यापूर्वीच्या प्रकरणांना मात्र रजिस्टर चाळण्यावाचून इलाज नाही. फार जुनी फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेलेली असू शकते; तिथे अर्ज करण्यापूर्वी मूळ न्यायालयातून ती कुठे पाठवली याची नोंद विचारून घ्यावी.

खिडकीवर रांगेत उभं राहण्याआधी आणखी एक गोष्ट पक्की करावी: खिडकी योग्य गावातली आहे ना? याचिका लग्न जिथे लागलं तिथे, नवरा-बायको शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे दाखल होते. २००३पासून बायकोला स्वतः राहते तिथेही दाखल करता येते. आमच्या भागातली पोरं मजुरीला नारायणगावला जातात, कोणी घोटी-इगतपुरीला, कोणी नाशिकला कंपनीत. सोयरिकीही घाटाच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे राजूरच्या एका पोरीचा निकाल आम्ही संगमनेरात शोधत राहिलो आणि तो निघाला नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात. तिथल्या क्रमांकाची तऱ्हा वेगळी: घटस्फोटाच्या याचिकेला 'ए', संमतीच्या याचिकेला 'एफ', पोटगीच्या अर्जाला 'ई'. दिवाणी न्यायालयात याला हिंदू विवाह याचिका म्हणतात आणि क्रमांकाआधी एच.एम.पी. लिहितात.

हे अक्षर नीट बघायचं कारण सांगते. पिशव्या घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या हातात कोर्टाचा गोल शिक्का मारलेला कागद असतो, आणि तो घटस्फोटाचा नसतोच. तो असतो पोटगीचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता नव्या संहितेत १४४. आमच्याकडे हे प्रकरण तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात चालतं, 'दरमहा इतके रुपये द्यावेत' असा आदेश होतो आणि घरची मंडळी समजतात, सुटलो. त्या आदेशाने लग्न मोडत नाही. कोणाजवळ छळाच्या खटल्याचा निकाल असतो, तोही नव्हे. कागदावर 'विवाह विच्छेदित करण्यात येत आहे' अशा अर्थाचं वाक्य शोधा. नसेल तर तुमचं लग्न कायद्याने अजून शाबूत आहे, आणि त्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर ते बेकायदा ठरेल.

तिसरा कागद सगळ्यांत फसवा. शंभराच्या मुद्रांकावर लिहिलेला, नोटरीच्या लाल शिक्क्याचा फारकतनामा. 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, पुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही.' दोन साक्षीदार, दोन अंगठे. अशा कागदाची 'कोर्टातली प्रत' शोधत लोक हिंडतात. कोर्टात तो गेलेलाच नसतो. नोटरीला लग्न लावण्याचा वा मोडण्याचा अधिकार नाही, आणि केंद्राच्या विधी खात्याने २०२४मध्ये तसं स्पष्ट बजावलंही. एका टपरीवर मला एकाने, "द्या दोन हजार, उद्या डिक्री हातात," असं सांगितलं होतं. खऱ्या नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात, ताडून पाहणाऱ्याची सही असते आणि न्यायालयाचा शिक्का असतो. त्याच्याकडचा नमुना बघितला तर त्यावर यातलं काही नव्हतं.

आता नक्कल. पक्षकार असाल तर साधा अर्ज, ओळखपत्र, कोर्ट फीचं तिकीट, पानांप्रमाणे शुल्क. स्वतः जाता येत नसेल तर वकीलपत्र देऊन वकिलामार्फत. अर्जात 'निकालाची प्रत' एवढंच लिहिलंत तर निकालपत्र मिळेल आणि हुकूमनामा राहून जाईल. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणं असतात, हुकूमनाम्यात नुसता आदेश. नोंदणीला, पासपोर्टला, बँकेला हुकूमनामा लागतो. दोन्ही मागावेत, आणि दोन-दोन प्रती घ्याव्यात, कारण एक सरकारी फायलीत कायमची जाते. लॅमिनेशन करू नये. शिक्का हाताला लागत नाही म्हणून परत पाठवणारे अधिकारी आहेत. जिथे भांडून निकाल लागला तिथे आणखी एक गोष्ट: अपिलाची मुदत ९० दिवसांची, ती उलटेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही, आणि पुढे कोणी 'अपील नाही ना?' असं विचारलं तर तसा दाखला वरच्या न्यायालयातून घ्यावा लागतो.

माहितीच्या अधिकारात मागू का, असं तरुण मुलं विचारतात. उपयोग नाही. न्यायालयातल्या नकला न्यायालयाच्याच नियमांनी घ्याव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ठरवून टाकलंय. तसंच मुलीसाठी घटस्फोटित स्थळ आलं म्हणून वडिलांनी परस्पर मुलाची फाईल मागायला जाऊ नये. त्रयस्थाला शपथपत्रावर कारण द्यावं लागतं, आणि वैवाहिक प्रकरणात कारण पटणं अवघड. सरळ मुलाकडेच ताजी प्रमाणित नक्कल मागावी. खरा मोकळा झालेला माणूस त्यात अपमान मानत नाही. मानला तर तेही एक उत्तरच आहे.

राहिली ती आमच्या डोंगरातली सगळ्यांत अवघड गोष्ट. माझ्या खानावळीत भाकरी करणारी जनाआत्या महादेव कोळी समाजाची. तिची काडीमोड झाली तेव्हा पंच बसले, दोन्हीकडचं देणंघेणं मिटलं, ती माहेरी आली. संजय गांधी निराधार योजनेसाठी एका कार्यालयाने तिला 'कोर्टाचा घटस्फोट' आणायला सांगितलं, आणि ती माझ्याकडे आली. मी तिच्यासाठी रजिस्टर शोधायला निघणार होते. पण तिथे काही असणारच नव्हतं. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलंय की केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांची सोयरीक आणि फारकत रूढीने चालते. आणि ज्यांना हा कायदा लागू आहे त्यांच्यातही, रूढीने घटस्फोटाचा हक्क असेल तर २९वं कलम तो राखून ठेवतं.

याचा अर्थ पंच म्हणाले म्हणजे झालं, असाही नाही. रूढी आहे हे सांगणाऱ्याने ती सिद्ध करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००१-०२च्या निकालांत हे बजावलं आहे. म्हणून आत्याला जुना कागद शोधायचा नसून नवा मिळवायचा होता: आपली फारकत समाजाच्या रूढीप्रमाणे झाली आहे असं न्यायालयाकडून जाहीर करून घ्यायचं. त्यासाठी दिवाणी दावा. पैशाची अडचण नव्हती, कारण १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. अडचण साक्षीची होती. बैठकीला बसलेल्यांपैकी दोघे गेलेले, एकाला ऐकू येत नाही, आणि जो धडधाकट तो आत्याच्या सासरचा. आम्ही ग्रामसभेत विषय मांडला आणि समाजात काडीमोड कशी होते हे ठाऊक असलेल्या तीन म्हाताऱ्यांची नावं वकिलाला दिली. वकीलबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते त्यांचं वय. "साक्ष लवकर नोंदवायचा अर्ज दावा दाखल करतानाच देते," त्या म्हणाल्या. ज्यांच्या घरात अशी रूढीची फारकत झालेली आहे त्यांनी पंच हयात आहेत तोवर हे उरकून घ्यावं. पावसाळ्यात रस्ते खचतात आणि म्हाताऱ्यांना अकोल्याला नेणं जमत नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या तारखा मागून घ्याव्यात.