अध्यक्षांची सही आणि कोर्टाची कात्री

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष सही करतात आणि आदेश लगेच लागू होतो. मग त्यांना अडवणारं कोणी आहे का?

उत्तर : आहे, आणि अडवलंही आहे. कोरियाचं युद्ध सुरू असताना पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला, तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिल १९५२ रोजी देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो अवैध ठरवला. गंमत म्हणजे नऊही न्यायमूर्ती आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रूमन यांनी नेमलेले!

मुख्य निकाल न्या. ब्लॅक यांचा, पण आजही वकील आधार घेतात तो न्या. जॅक्सन यांच्या स्वतंत्र मताचा. त्यात त्यांनी तीन प्रकार सांगितले. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती असेल तर अध्यक्षांचं बळ सर्वाधिक. ती गप्प असेल तर मामला धूसर. तिच्या इच्छेविरुद्ध गेले तर सर्वांत कमी. ट्रूमन तिसऱ्या प्रकारात सापडले, कारण १९४७ चा कामगार कायदा करताना कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार देण्यास काँग्रेसने नकार दिला होता. म्हणून नवा आदेश आला की तुम्ही आधी एवढंच पाहा, त्याला कोणत्या कायद्याचा आधार आहे?

ट्रूमन यांनी मुकाट्याने कारखाने परत केले. संप मात्र झालाच, पन्नासहून अधिक दिवस चालला.