स्ट्रॉबेरीवरील किडींची ओळख व बंदोबस्त

स्ट्रॉबेरीच्या फळाला सोलून टाकावी अशी साल नसते. ते ताजेच, नुसते धुऊन खाल्ले जाते. शिवाय बहर सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करावी लागते. फवारणी आणि तोडणी यांमध्ये जेवढे दिवस जावयास हवेत, तेवढे या पिकात सहसा मिळत नाहीत. म्हणून कीड न ओळखता केलेली फवारणी येथे बागाईतदारास तर महाग पडतेच, पण खाणाऱ्यासही बाधक होण्याचा संभव असतो.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर या पिकासाठी प्रसिद्ध असून तेथील स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड होते व थंडीत फळे येऊ लागतात. लागवडीपासून फुले येईपर्यंतचा काळ हाच किडींच्या बंदोबस्ताचा खरा काळ होय.

पाहणी कशी करावी

आठवड्यातून दोन वेळा शेतात आडवेतिडवे फिरून निरनिराळ्या ठिकाणची वीस-पंचवीस झाडे तपासावीत. पाने उलटून खालची बाजू दहापट भिंगाने पाहावी. एखादे फूल पांढऱ्या कागदावर झटकावे. कोमेजलेले रोप उपटून त्याची मुळे पाहावीत.

मुख्य किडी

हुमणी : रोप कोमेजते आणि हलक्या हाताने ओढताच उपटून येते, कारण त्याची मुळे खाल्लेली असतात. मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी सापडते. हिचे भुंगेरे वळवाच्या व पहिल्या पावसानंतर बाहेर पडून रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात. त्या वेळी झाडे हलवून व प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा करून नष्ट करावेत. हा उपाय सामुदायिक रीतीने केल्यास अधिक गुण येतो. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

पाने खाणारी अळी : तंबाखूवरील ही अळी स्ट्रॉबेरीवरही येते. मादी पुंजक्याने अंडी घालते व ती तपकिरी केसांनी झाकते. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतात. मोठ्या अळ्या दिवसा मातीत लपून रात्री खातात. अंडीपुंज व जाळीदार पाने तोडून नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पतंगांवर लक्ष ठेवण्यास कामगंध सापळे लावावेत.

मावा : कोवळ्या पानांवर व देठांवर मऊ, हिरवट किड्यांची वसाहत दिसते. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व मुंग्या येतात. मावा विषाणुरोगही पसरवितो, म्हणून रोपे निरोगी मातृवृक्षांचीच घ्यावीत.

फुलकिडे : हे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, सडपातळ किडे फुलांत राहतात. उपद्रव फार झाल्यास फळाचा पृष्ठभाग तांबूस व निस्तेज होतो. निळे चिकट सापळे लावावेत.

लाल कोळी : हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, पूर्ण वाढलेल्या कोळ्यास आठ. पानावर बारीक पिवळट ठिपके पडतात, पुढे पान तांबूस होते व खाली जाळे दिसते. उष्ण व कोरड्या हवेत, तसेच धुळीत हा झपाट्याने वाढतो. अनेक कीटकनाशकांनी कोळी मरत नाही, मात्र त्याला खाणारे मित्रजीव मरतात व प्रादुर्भाव उलट वाढतो. पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये आणि खालची रोगट पाने काढावीत.

वेडीवाकडी फळे

फळ वेडेवाकडे दिसले की कीड समजून फवारणी केली जाते. पण बहुतेक वेळा कारण वेगळे असते. फळावरील प्रत्येक बारीक दाण्याचे फलन झाले तरच त्याभोवतीचा गर वाढतो. नित्श या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये फळावरील दाणे काढून हे दाखवून दिले. परागीभवन अपुरे राहिल्यास तेवढा भाग खुरटतो. अशा वेळी फवारणीने मधमाश्या मेल्या, तर पुढील फळे अधिकच वाकडी येतात.

फवारणी करावयाचीच झाल्यास

प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून अर्कात पाणी घालून १०० लिटर द्रावण करावे. ढालकिडे व क्रायसोपा पुरेसे दिसत असल्यास माव्यावर फवारणी लांबवावी. रासायनिक औषध घ्यावे लागले, तर त्याच्या वेष्टनावर स्ट्रॉबेरीचा व त्या किडीचा उल्लेख आणि तोडणीपूर्वी थांबावयाचे दिवस पाहावेत. ते दिवस पाळता येत नसतील तर ते औषध वापरू नये. फुले उमललेली असताना व मधमाश्या फिरत असताना फवारू नये. जुन्या पुस्तिकांत आढळणारी एन्डोसल्फानची शिफारस पाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

सारांश, पान उलटून पाहण्यास खर्च येत नाही. बागाईतदारांनी ही सवय फुलोऱ्यापूर्वीच लावून घेतल्यास बहरात फवारणी करण्याचे प्रसंग कमी येतील आणि विश्वासाने खाता येईल असे फळ बाजारात जाईल.